कांडेचोर

माघात कॉम्प्रेसर बसला
आणि हर्णैचा बर्फ कारखाना बारा दिवस बंद.
सात वर्षांत पहिल्यांदाच
मी रात्रीचा माझ्या घरात झोपलो.

कधीतरी भाताचा वास आला.
आंबेमोहोर, नुकती वाफ धरलेला.
म्हटलं, या वेळी कोण शिजवतंय?
शालन अंधारातच म्हणाली, "आली."
मग कौलांवर पावलं,
मग आढ्याशी खरखर,
मग डोक्यावर धप्प.

"कोण?"
"वरची. कांडेचोर. वास तिचाच.
साडेसातला जाते, तीनला येते.
बोंडू पिकले की उशीर करते."

जशी माझी वेळ सांगावी कुणाला.

सकाळी शिडी लावून माळ्यावर गेलो.
कोपऱ्यात बियांचा ढीग,
चिकूच्या, भेरल्या माडाच्या, धुतल्यासारख्या स्वच्छ.
फळीवर मुताचा डाग, काळा, जुना,
आणि फाटक्या जाळ्याच्या गुंत्यात
अंग मुडपून बसल्याची खळगी.
मोबाइलच्या उजेडात माप घेतलं:
बरोबर माझ्या खाटेच्या वर.
म्हणजे इतकी वर्षं दिवसा
ती वर, मी खाली,
मध्ये फणसाची एक इंची फळी.
दोघेही रात्रपाळीचे.

इसाक मुकादम आला, कौलांतला माणूस.
आधी विडी पेटवली, मग छप्पर पाहिलं.
"विष नको. माळ्यावर मेली
तर महिनाभर तूच अंगणात झोपशील.
डांबराच्या गोळ्यांनी ती जात नाही, तुलाच खोकला होईल.
पिल्लं आहेत का बघ.
असली तर मोठी होईस्तोवर गप्प बसायचं."
नव्हती.
"मग फणसाची ती फांदी तोड, चांगली दोन वाव.
माडाला पत्रा गुंडाळ.
जाळी स्टीलची आण, लोखंड खारा वारा खातो.
सगळी भोकं बुजवू, एक सोडून.
ते ती गेल्यावर."

फांदी तोडताना चीक हाताला लागला,
खोबरेल चोळूनही दोन दिवस निघेना.
जाळीचे साडेअकराशे झाले.
शालन काही बोलली नाही,
फक्त खिळे मोजून देत राहिली.

शेवटच्या भोकापाशी तिने
चाळणीतून रांगोळी पसरली.
साडेसातला खरखर झाली, मग काहीच नाही.
इसाकने बॅटरी मारली.
पाच-पाच बोटांची पावलं,
गौरीच्या पावलांसारखी,
फक्त बाहेर जाणारी.
"गेली," तो म्हणाला,
जाळी ठोकली, वर कौल सरकवलं,
चहा न घेताच गेला.

तीनला ती परतली.
एक कौल हललं, दुसरं हललं.
नेहमीच्या जागी थांबली,
मग पाखाडीच्या बाजूने,
मग स्वयंपाकघरावरून,
पुन्हा नेहमीच्या जागी.
आम्ही दोघं डोळे उघडे ठेवून पडलेलो,
आपल्याच दारात कुणी हाक न मारता उभं असावं तसं.
मला वाटलं, शालन म्हणेल, काढ ती जाळी.
म्हणाली नाही.
पहाटे फणसाच्या तोडलेल्या फांदीकडे
बराच वेळ बघत बसली होती.

कारखाना सुरू झाला.
पहिल्याच पाळीला गिऱ्हाईक नव्हतं,
होड्या खोल गेलेल्या.
लादी घसरत खाली आली, धप्प,
आणि मी वर पाहिलं.
घड्याळात तीन.
हात पुसून घरी फोन लावला.
पहिल्या रिंगला उचलला.

"जागीच?"
"हो."
"आली होती?"
"नाही. चार दिवस झाले."
मागे काहीतरी खदखदत होतं.
"काय करतेयस?"
"भात लावलाय," ती म्हणाली,
"डब्यात थोडा आंबेमोहोर होता."