पाच मिलिमीटर

"आ कर," म्हटलं की इआतुना हसते.
"चाळीस वर्षं बाजारात सुपारी विकतेय.
तोंड मिट म्हणणारे पुष्कळ भेटले,
उघड म्हणणारी तू पहिलीच."

तोंड उघडतं दोन बोटं.
तीन जायला हवीत, तिचीच, उभी धरून.
तिसरं दातांपाशी अडतं,
उंबऱ्याबाहेर थांबलेल्या पाहुण्यासारखं.

मी दिवा धरते. डॉक्टर वार्तोवो आरसा फिरवतात.
डाव्या गालाच्या आत, दाढांच्या रांगेला लागून
एक पांढरं.
कापसानं पुसलं, राहिलं.
पुन्हा पुसलं.
भात असता तर गेला असता.

कोकोपोत प्रवाळ भाजून चुना करतात,
वेलीची हिरवी शेंग त्यात बुडवून
सुपारीबरोबर चावतात, लाल थुंकतात.
जगाला नाही,
स्वतःच्याच गालाला तिनं चुना लावला.

मग आंबट वासाचं पाणी, मग निळा रंग,
मग पुन्हा पाणी.
सगळीकडून निळं वाहून गेलं,
एका कडेला बसून राहिलं, तांदळाएवढं.
डॉक्टर काही बोलले नाहीत.
त्यांच्या न बोलण्याचा मला सराव आहे.

सुई. "मुंगी चावेल."
मग ती पेनासारखी दांडी, टोकाला गोल पातं,
पाच मिलिमीटर.
अर्धं पांढऱ्यावर ठेवायचं, अर्धं धडधाकट लालवर:
आजाराला शेजार लागतो,
एकटा तो ओळखू येत नाही.
फिरवलं. उचललं. रेशमाचे दोन टाके.

बाटलीत तुकडा बुडाला, कलला, थांबला.
तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.
"हे कोण राखणार?"

आमच्यात उष्टं मागे टाकून जात नाहीत.
अर्धं खाल्लेलं केळं, विंचरलेला केस
वैऱ्याच्या हाती लागला की माणूस वाळत जातं.
आणि हे तर जिभेच्या शेजारचं.

फॉर्मॅलिन म्हणजे काय, सांगता आलं असतं मला.
मी म्हटलं, "मी राखीन."
तिनं पिशवीतून ताबूची माळ काढली,
वेतावर ओवलेल्या शिंपल्या, हातभर तोडून दिल्या.
"फुकटची राखण नको."

त्या रात्री ज्वालामुखी उठला. विमानं बंद.
बाटली अकरा दिवस माझ्या टेबलावर,
पट्टीवर नाव, गाव, डावा गाल, तारीख.
फटीतून राख आत येई,
मी रोज सकाळी झाकण पुसायची.
कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, स्वच्छता.

त्या दिवसांत माळ न्याहाळत बसले.
प्रत्येक शिंपलीची पाठ फोडलेली.
भोक पाडल्याशिवाय ती ओवता येत नाही,
ओवल्याशिवाय मोजता येत नाही.
हे मी तिला सांगितलं नाही.
गालाला भोक पडलेल्या बाईला
असलं काही सांगू नये.

विमान गेलं. पाच आठवड्यांनी कागद आला.
चार ओळी. शेवटची:
बदल तीव्र, तळाचा पडदा अजून शाबूत.
डॉक्टर म्हणाले, "म्हणजे वेळेत."
मग म्हणाले, "म्हणजे पुन्हा कापणं. याहून मोठं."

तिनं दोन्ही ऐकलं.
"आणि माझा तुकडा?"
मोरेस्बीत. मेणात.
केसाहून पातळ काप काढून काचेवर,
गुलाबी, जांभळे.
वर्षानुवर्षं ठेवतात. कपाटाला कुलूप असतं.

"मोरेस्बी!" ती म्हणाली.
"मी कधी गेले नाही. माझ्याआधी तोंड पोचलं."

मग तिनं उरलेली माळ मांडीवर पसरली.
"पुढचं किती मोठं?"
मी बोटानं दाखवलं.
सात शिंपल्या भरल्या.
माणूस गेलं की ताबूची चाकं फोडून
गावभर वाटतात, हे दोघींना माहीत होतं,
दोघी बोललो नाही.

"सात," ती म्हणाली, "झेपतील."
आणि उठता उठता,
माझ्या टेबलाच्या खणाकडे हनुवटी करून:
"राखण चालू ठेव."