अजून बनतंय

उद्यमबागेतली दुसरी पाळी सुटली
की आम्ही तिघं जंगलात उतरतो.
तिथं भूक लागते, थंडी वाजते,
अंधारायच्या आत चार भिंती उभ्या करायच्या,
लाकूड आपणच तोडायचं.

भरमाणी म्हणतो, साडेआठशे घालवले की गा.
जिना चढावा तर माणूस थेट जमिनीत,
हरणं छपरावर उभी.
पुरं करून विकायला काय धाड भरली होती ह्यांना?

सिद्राय आधी कन्नडात हासडतो,
मग मराठीत समजावतो:
मागच्या महिन्यात नदी नव्हतीच,
आता आहे. मासे येतील.

मला विचाराल तर
ते न आलेले मासेच बरे वाटतात.
गळ टाकून बसतो मी.
पाण्याला अजून आवाज दिलेला नाही.

परवा अपडेट आलं आणि जुनं सगळं पुसलं.
चाळीस रात्रींचं घर,
सिद्रायनं उंबऱ्याला लावलेली मशाल,
भरमाणीनं शिव्या देत देत
तीनदा बांधलेला तो जिना.

भरमाणी कामावर बोललाच नाही.
रविवारी अनगोळला त्याच्याकडे गेलो.
स्लॅबवर अकरा वर्षं उभ्या सळ्या,
टोकांना पालथ्या बाटल्या,
सळ्यांना बांधलेल्या दोरीवर आईची लुगडी.
वरचा मजला कधी रे?
होईल की, म्हणाला,
आणि खिशातून मोबाईल काढून
बोटानं दाखवायला लागला:
इथं, नदीच्या वळणावर, जागा बघून ठेवलीय.
रात्री ये.
येताना कुऱ्हाड आण.