परवा

उद्यमबागेत, भट्टीची राख जिथं खिडकीवर बसते,
तिथून दोन शटर पलीकडे माझं टेबल.
पाटीवर: करारपत्रे, तीन भाषांत.

सकाळी दोघं आले.
भैरू हलगेकर, पंपाच्या खोळी ओतणारे,
आणि गुरुसिद्धप्पा मुगळी, कच्च्या लोखंडाचे व्यापारी.
अकरा वर्षांचा व्यवहार,
एकमेकांच्या घरची लग्नं जेवलेले,
आणि आता दोघंही
माझ्या पेपरवेटकडे बघत बसलेले.

कागद त्यांनीच केलेला. वहीचं पान,
कोपऱ्यात बशीचा गोल डाग, अकरा तारीख, दोन सह्या.
'माल साधारण वीस टन. शक्यतो महिनाअखेर.
भाव परवाचा धरावा.
बाकी नेहमीप्रमाणे वगैरे.'

मी टोपण काढलं.
साधारण वीस म्हणजे किती?
वीस म्हणजे वीस की, भैरू म्हणाले.
एकोणीस आले तर घ्याल?
गप्प.
शक्यतो, ते कुणाच्या शक्यतेनं?
वगैरेत कोण कोण राहतंय, हमाली? गाडीभाडं?
वाटेत तुटलेला माल?
आणि हे 'नेहमी', याची पावती आहे का कुणाकडं?

कचेरीच्या ओट्यावर बॉण्ड लिहिणारे
तवनाप्पा मास्तर मला सांगायचे,
पोरी, दोस्ती आहे तोवर कागद ट्रंकेत असतोय.
तो उघडतात त्या दिवशी ती संपलेली असते.
वाचणारा तुझ्यावर जळतोय असं धरून लिही.
हे सांगताना ते शाई वाळायची वाट बघत,
फुंकर कधी घालत नसत.

परवावर गाडी अडली.
गुरुसिद्धप्पा म्हणाले, येणारा. त्या दिवशी भाव चढलेला.
भैरू म्हणाले, गेलेला. असं कुठं असतंय काय,
न आलेल्या दिवसाचा भाव कोण कबूल करतंय?
दोघांचं व्याकरण बरोबर होतं.
आमचा परवा आजच्या दोन्ही अंगांना उभा,
कोगनोळी नाक्यावरच्या टपरीवाल्यासारखा,
येणाऱ्यालाही रामराम, जाणाऱ्यालाही.
एरवी क्रियापद त्याचा हात धरून असतं,
परवा आला, परवा येईल, चुकत नाही कुणी.
इथं होतं 'धरावा'.
धरावा ना आलेला, ना गेलेला.

मी पान उलटलं आणि कानडी प्रत लिहायला घेतली.
चौथ्या ओळीला पेन थांबलं.
कानडीत हे लिहिताच येत नाही.
गेलेला तो मोन्ने, येणारा तो नाडिद्दु,
दोन वेगळे शब्द, एकाच पाटावर न बसणारे.
साठ वर्षं शेजारी राहिलेली भाषा
मला विचारत होती, बाई, कुठला?

तेच मी गुरुसिद्धप्पांना विचारलं.
चहा पिताना, मनात, तुम्ही कुठला म्हणाला होता?

बाहेर कुणीतरी ओतकाम ठोकून सुटं करत होतं.
बराच वेळ तेवढाच आवाज.

मोन्ने, ते म्हणाले.
पेपरवेटला उद्देशून.

मग भैरूंना राहवलं नाही. फरकातला अर्धा माझा, म्हणाले.
कशाचा अर्धा? मी विचारलं. टनाचा, की एकूण रकमेचा?
आणि कर धरून, की वगळून?
दोघंही हसले, माझ्यावर,
महिन्याभरात पहिल्यांदाच एका बाजूला बसून.

लिहिलं: दिनांक ९ रोजीचा भाव, अक्षरी नऊ.
लिहिलं: वीस टन, पन्नास किलोपर्यंत कमीजास्त चालेल.
हमालीला स्वतंत्र ओळ दिली, तुटलेल्या मालाला दोन.
वगैरे कापला. तो कापताना
दर वेळी थोडं वाईट वाटतं,
घरात बोलताना मीही त्याच्यावरच जगते.
पानाखाली उरलेल्या कोऱ्या जागेवर
आडवी रेघ मारली,
रात्रीत तिथं कुणी राहायला येऊ नये म्हणून.

सह्या झाल्या, तिन्ही प्रतींवर, प्रत्येक पानावर.
दारात चप्पल शोधत भैरू म्हणाले,
बाई, तुमची फी परवा देतो की.

पायरीवर असलेले गुरुसिद्धप्पा
वळून म्हणाले,
कुठला?