येळ्ळूरकरांचं पोट

मेणाच्या ठोकळ्यावर नाव नसतं, नंबर असतो.
पण फॉर्मवर धंदा लिहिलेला: पाट्या रंगवणे.
खडेबाजारात आमच्या दुकानाचं नाव त्यांनीच काढलं,
वर कन्नड, खाली मराठी.
कुणी डांबर फासलं की शिडी घेऊन यायचे,
पैसे न घेता.

आज मॅडम भिंगावरून उठेचनात.
मग सरांना बोलावलं.
एक गाठ अस्तरातली, वेड्यावाकड्या ग्रंथींची,
दुसरी स्नायूतली, चातीसारख्या पेशींची.
एकमेकींना ओळखतही नाहीत, सर म्हणाले.
दुर्मिळ. फोटो काढून ठेव.

बाहेर बाकावर मल्लव्वाकाकू, मांडीवर डबा.
दोन आहेत म्हटल्यावर
बराच वेळ झाकण लावत-काढत राहिल्या.
"मग त्यातली बरी कुठली म्हणायची, बाळ?"