तीन सेकंद

एपिनालला, शाळेमागच्या शेडमध्ये
ओदील बीचच्या दोन पट्ट्या
एकीवर एक आवळते.
गास्पार सरसाचा डबा शोधतो.
नाहीच.

खटका. वरची पट्टी थरथरते,
डोळ्याला दिसेल न दिसेल इतकी.
फटीतून धूर, करपल्या साखरेचा वास,
काळपट काही पाझरतं
लाकडाचंच, आतलं.

"बंद करा! नाहीतर जाळ.
आता नुसतं दाबून धरायचं."

चाळीस वर्षं खुर्च्या जोडलेला माणूस
दाबून धरतो.
मग गुडघ्यावर घेऊन वाकवतो, हिसडतो.
मोडतं ते शेजारचं लाकूड.
सांधा तसाच.

"पाणी तेवढं सोसत नाही याला," ती म्हणते.

बाहेर भुरभुर.
तुकडा तो कोटाच्या आत सरकवतो,
सदऱ्यापाशी,
आणि वरचं बटण लावायला
बराच वेळ घेतो.