नूतनीकरण

मार्च संपत आला की विम्याचे कागद येतात,
दर वर्षी ते मीच टाईप करते.
जालन्याबाहेरची बियाण्यांची कंपनी,
माणसं चारशे बारा, त्यात बाया दोनशे साठ,
हजेरीपटावर पुरुष आधी.

या वर्षी मालकांनी चौदावी ओळ खोडली.
पेन्सिलीनं, हलकेच,
जणू तिला दुखेल.
चौदावी ओळ : तांबी, गोळ्या, इंजेक्शन.
म्हणाले, लिही ताई,
'संस्थापकांच्या श्रद्धेला अनुसरून.'
जीव घालणारा तो.
माझ्या पैशानं मी त्याच्या दारात आडवा कसा उभा राहू?

ते खोटं बोलत नव्हते.
गुरुवारी मठातून आले की
केबिनमध्येसुद्धा अनवाणी फिरतात.
करोनात एकाचाही पगार कापला नाही.
माझी धाकटी सातव्यातच निघाली तेव्हा
स्वतःची गाडी दिली, थेट घाटीपर्यंत.
असा माणूस हात जोडून सांगतो
आणि बोटं आपली आपण चालायला लागतात.
आमच्या फॉन्टमध्ये 'श्रद्धा' फुटते,
श वेगळा, र वेगळा, द चे पाय लोंबतात.
तीनदा दुरुस्त केली.

दुपारी पॅकिंगमधली प्रयाग आली, भोकरदनकडची.
दार लोटून घेतलं.
"बाई, अंगावर लई जातंय. एकवीस दिवस झाले.
डॉक्टरीण म्हणली, आत एक बसवू,
पाच वर्षं बघायला नको.
नऊ हजार सांगती. कार्डावर हुईल का?"

मी यादी काढली. ते चौदाव्या ओळीतलं.
तिला मूल अडवायचं नव्हतं,
नवरा जाऊन सहा वर्षं झालेली.
रक्त अडवायचं होतं.
पण कागद नाव वाचतो,
रक्त त्याला वाचता येत नाही.

खाली, एकतिसाव्या ओळीत :
पिशवी काढण्याचं ऑपरेशन, साठ हजार, मंजूर.
तिथं पेन्सिल पोचली नव्हती.

"म्हंजी," प्रयाग म्हणाली,
"पिशवी काढायला पैसे हायेत,
राखायला न्हाईत?"
आणि हसली, तोंडावर हात धरून.
बियाण्याच्या औषधानं बोटं गुलाबी.
दिवसभर ती पिशव्याच तर भरते :
वजन, शिक्का, तारीख.

त्याआधी ती प्लॉटवर क्रॉसिंगला जायची.
सांजेला कपाशीची कळी उघडायची,
नखानं नर खुडायचा,
आतल्या गाठीला धक्का लागू द्यायचा नाही,
वर लाल कागद.
सकाळी दुसऱ्या ओळीचं फूल आणून फिरवायचं.
कुठल्या फुलात काय धरू द्यायचं
ते चाळीस बाया करायच्या, दोनशे रुपये रोजानं.
त्याच बियाण्यावर ही इमारत उभी,
केबिन, केबिनमधला फोटो,
फोटोपुढची उदबत्ती.

दुसऱ्या दिवशी मी आत गेले.
हे सगळं नाही बोलले,
अर्ध्यावरच जीभ जड झाली.
कपाशीचं मात्र निघून गेलं तोंडातून.
मालक बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "पीक वेगळं, माणूस वेगळं."
मी म्हणाले, हो.
"कोण आहे ती? नाव सांग.
मी खिशातून देतो. आत्ता."
खरंच पाकीट काढलं.

टेबलावर नोटा, पाचशेच्या.
प्रयागचे एकवीस दिवस
त्या उदबत्तीच्या वासात
मला मांडता येईनात.
म्हणाले, नाव नाही सांगता येणार.
त्यांना वाईट वाटलं. ते दिसलं.

सांगितलं असतं तर तिचं काम झालं असतं.
हे तिला अजून माहीत नाही.

एक एप्रिलला नवी पॉलिसी लागू झाली,
खाली माझ्याच हातचा शिक्का.
पॅकिंगच्या काचेतून प्रयाग दिसते.
तासातासाला उठते, पोटाशी पदर दाबून,
मागच्या नळाकडं जाते.
तेवढा वेळ पट्ट्यावरच्या पिशव्या
पुढं पुढं सरकत राहतात,
तोंडं उघडीच.