पाणथरी

ग्रिम्झबीत, मासळीच्या कारखान्यात,
हॅडकचे काटे उपसताना
डाव्या बरगडीखाली काहीतरी टेकलं,
आतून, कोपरासारखं.
दोन घास भातावर पोट भरायचं,
जिना चढताना धाप.
मी म्हटलं, थंडी.
इथं सगळं थंडीवर ढकलता येतं.

डॉक्टर पिकरिंग म्हणाल्या, खोल श्वास घ्या.
त्यांची बोटं बरगडीच्या उंबऱ्याशी थांबून राहिली
आणि श्वासाबरोबर ती खाली आली, बोटांना लागली.
स्प्लीन. स्कॅनवर सतरा सेंटीमीटर.

फोनवरचा दुभाषी अडखळला,
मग हिंदीतून म्हणाला, तिल्ली.
तिल्ली मला ठाऊक, हर्णैच्या खाटकाकडची.
बाळंतपणात आईने निखाऱ्यावर भाजून दिली होती,
रक्त वाढावं म्हणून.
माझी उलटी निघाली. रक्तच खात बसलेली.

माणसाच्या पोटातलीला आई पाणथरी म्हणायची.
हिवतापाने पोट फुगलेली पोरं दिसली की
हळू आवाजात.

हिवताप? नाही झाला.
दारू? दुभाषीच हसला.
घरात कुणाचे डोळे पिवळे?

आबांचे.
होडीवरचे सगळे त्यांना हळद्या म्हणत.
कावीळ उतरवणारा चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावी,
पाणी पिवळं होई, आबा म्हणत, बघा, गेली.
महिन्याभरात परत.
शेवटी पोटशुळाने गेले.
पित्ताचे खडे असतील, बाई म्हणाल्या. तुम्हालाही आहेत.

त्यांनी कागदावर रक्ताचा एक कण काढला,
अंगठ्याने मधोमध दाबलेला पेढा.
शेजारी आमचा, आबांचा नि माझा, लाडूसारखा गोल.
पाणथरीच्या बारीक गाळणीतून पेढा वाकून जातो,
लाडू अडकतो, फुटतो.
गाळून गाळून ती सुजते.

आता रोज फॉलिक ॲसिडची गोळी, तीही पिवळीच.
फेब्रुवारीत ऑपरेशन, खडे आणि ती एकदमच.
त्याआधी लशी.
नंतर पेनिसिलिन, किती वर्षं कोण जाणे,
पाकिटात एक कार्ड,
आणि ताप आला तर चहाही न घेता इस्पितळ.
तोवर पोटाला धक्का नको, फुटेल.
सुपरवायझर केव्हिनने क्रेट उचलण्यावरून मला काढलं,
लेबलं चिकटवायला बसवलं.

काल रात्री झोपलेल्या पोराची पापणी
अंगठ्याने वर केली.
पांढरं वाटलं. की दिवाच तसा?
उद्या खिडकीपाशी बघेन,
ऊन पडलं तर.